ज्याच्या खांद्यावर पिशवी

डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत राहिलं. ते थांबेपर्यंत घरातली तिन्ही माणसं जागच्या जागी थिजली. नवऱ्याचा एक हात शर्टाच्या बाहीत अर्धाच शिरलेला, तिच्या मुठीत सोललेलं अंडं, आणि मुंगीने दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबलेले. झाकणाने शेवटची गिरकी घेतली, खण्ण करून अंग टाकलं. कुणी कूस बदलली नाही, कुणी कण्हलं नाही. कण्हणार कोण? झोपलेलंच कुणी नव्हतं.

पहिलं हसू फुटलं ते नवऱ्याला. "अगं, वाजू दे की आज!" असं म्हणत त्याने झाकण उचललं आणि मुद्दाम पुन्हा आपटलं. मुंगी डोळे विस्फारून आईकडे बघत राहिली. आता बाबांना बोलणी बसणार, याची तिला खात्रीच होती. बोलणी बसली नाहीत. तरीही पोर काही हसली नाही. हळूच वाकली, झाकण उचललं आणि दोन्ही हातांनी डब्यावर असं बसवलं, की जणू त्याच्याखाली तान्हं बाळ निजलंय.

दीड खोलीचं घर. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात कायमचा रातपाळीला. भट्टीतून निघालेल्या बाटल्या पट्ट्यावरून खडखडत यायच्या आणि त्याने दिव्यासमोर त्यांच्यातल्या चिरा हेरायच्या. ती इस्पितळाच्या धुलाईघरात, सकाळपाळीला. ओल्या चादरी तापत्या रुळांतून काढायच्या आणि घड्या घालून गठ्ठे बांधायचे. तिला पहाटे उठायचं म्हणून संध्याकाळीच आडवी व्हायची, तो सकाळी यायचा तो दिवसभर आडवा. त्यामुळे त्या घरात बारा महिने तेरा काळ कुणीतरी झोपलेलं असायचं. नळाखाली फडकं, म्हणजे बादलीत धार वाजू नये. पायांत मोजे. खुर्च्यांच्या पायांनाही मोजे. भांडणसुद्धा कुजबुजत. "कुजबुजत भांडून बघा," ती धुलाईघरातल्या बायकांना सांगायची, "दुसऱ्या वाक्याला हसूच येतं. म्हणून टिकलाय आमचा संसार." अशा घरात मूल चालायला शिकलं तेच पावलं न वाजवता. शेजारीण एकदा म्हणाली होती, "अगबाई, तुम्हाला मूल आहे? मी म्हटलं मुंगी शिरली असेल घरात." तेव्हापासून ती मुंगीच.

आणि एक पिशवी होती. निळी, कापडी, बंद दोनदा शिवलेला. तिच्यात मुंगीचे कोरडे कपडे, पाण्याची बाटली, तापाचं औषध, एक डोळा गेलेला कापडी ससा. सकाळी दारात एक आत यायचा, एक बाहेर पडायची, दुपारी ती परतली की उलट. बोलायला सवड नसायची आणि एकाच्या डोळ्यांत झोप इतकी असायची की बोललेलं शिरायचंही नाही. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायची आणि तिच्या मागोमाग मुंगी. ज्याच्या खांद्यावर पिशवी, त्याची मुंगी. खाणं, शी-शू, पडणं-झडणं, सगळं त्याचं. दुसऱ्याने विचारायचं नाही. पिशवी दिली की मागे वळूनही बघायचं नाही, नाहीतर पाऊल उचलत नाही, हे ती पहिल्याच महिन्यात रडून रडून शिकली होती.

आज सकाळपासून भट्टी दुरुस्तीसाठी थंड केलेली, म्हणून त्याला आज रात्रीची सुट्टी. आणि तिचाही आठवड्याचा सुट्टीचा वार. नवरा-बायको दोघं एकदम जागे, तेही लख्ख उजेडी. एवढं तर ग्रहणही दुर्मीळ नसतं.

"कुठे जायचं?" तिने विचारलं होतं.

"जिथे काही वाजत नाही तिथे."

तिला खरं तर पाळणे आणि फुगेवाले असलेला मोठा किनारा हवा होता, पोरीसाठी. पण रात्रभर बाटल्यांत उभं राहून आलेल्या माणसाचे लाल डोळे बघितले आणि तिने मोठ्या किनाऱ्याचा विचार सोडला. शेवटच्या थांब्याच्याही अलीकडे, वळणावर उतरायचं म्हटल्यावर कंडक्टरने दोरी ओढता ओढता विचारलं, "इथे? अहो, इथे काहीच नाही."

"तेच हवंय," नवरा म्हणाला.

"मग भरपूर आहे, उतरा."

रस्त्यापासून खाली पायवाट होती, तीही म्हणायला. काटेरी झुडपं, सुटे दगड, आणि एका ठिकाणी वाट अशी तुटलेली की बसून, हात टेकून उतरावं. मुंगीला वरून खाली घ्यायला तिला दोन्ही हात लागणार होते. तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि खाली उभ्या नवऱ्याच्या खांद्यावर अडकवली. रोजच्यासारखीच. त्यानेही मान जरा तिरकी करून बंद नीट बसवून घेतला. रोजच्यासारखाच. मग तिने मुंगीला काखेत धरून खाली सोडलं आणि खांद्याबरोबर तिच्या मनावरचंही काहीतरी उतरलं.

खाली काळे कातळ दोन्ही बाजूंनी पाण्यात घुसलेले आणि त्यांच्या मधोमध करड्या वाळूचा एक पट्टा. टपरी नाही, छत्री नाही, बाक नाही, धोक्याची पाटीसुद्धा नाही. उजव्या हाताच्या खडकांवर एक बाई तेवढी वाकून लांब दांड्याच्या लोखंडी आकडीने शिंपल्या खरवडत होती. कमरेला टोपली, डोक्याला फडकं. तिने मान वर केली.

"पोहायला आलात की जीव द्यायला?"

"नुसतं बघायला," ती म्हणाली.

"काय बघायचं? पाणीच आहे." शिंपलेवालीने आकडीने डावीकडचं टोक दाखवलं. "बघा, पण त्या अंगाला लांब जाऊ नका. पाणी आता चढायला लागेल. तिकडे जाताना वाट असते, येताना नसते."

नवरा वाळूत बसला, मग कलला, मग पिशवी डोक्याखाली घेतली. तिने ते बघितलंही नाही. ती पाण्याच्या दिशेने चालायला लागली होती. 'येते गं', 'बघ हं' असं काही म्हणावं, हे तिच्या मनातही आलं नाही. दारात तरी ते कुठे बोलायचे?

पाण्याच्या कडेने ती उजवीकडे चालत सुटली. हात नुसते लोंबत होते. हातांना काय करावं ते कळेना. एका हातात कुणाचं बोट नाही, दुसऱ्यात चादरीची कड नाही. तिने ते मागे बांधून बघितले, मग पुढे, मग सरळ हलवत चालली, शाळेच्या कवायतीत चालतात तशी, आणि आपलं आपल्यालाच हसली. लाट घोट्यापर्यंत यायची आणि पायांखालची वाळू चोरून न्यायची. रुळांच्या वाफेने सोललेली बोटं तिने खाऱ्या पाण्यात बुडवली; चुरचुरली, बरं वाटलं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

वळली तेव्हा लाट तिच्या येतानाच्या पावलांवरून पुढे गेलेली होती. नवरा दिसत होता. कुशीवर, गुडघे पोटाशी. ती जवळ आली. त्याच्या पाठीमागे मुंगी असेल, म्हणून वळसा घालून गेली. पाठीमागे मुंगी नव्हती. मोठ्या दगडाच्या सावलीत असेल. सावलीत एक खेकडा होता.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही तिने नवऱ्याला हाक मारली नाही. तोंडावर हात ठेवून, चवड्यांवर उभी राहून ती सगळीकडे बघत राहिली. तो झोपला होता ना. झोपलेल्या माणसाला उठवायचं नसतं. हे हाडांत इतकं मुरलेलं, की काळजाचं पाणी पाणी होत असताना तिची पावलं मात्र अजूनही वाळूत अलगद पडत होती. मग एक लाट फुटली, वाळूवर पसरली आणि त्या फेसाकडे बघताना तिच्या घशातून कसलासा आवाज निघाला. तो तिचा तिलाही ओळखू आला नाही.

"ऊठ! मुंगी कुठंय?"

तो धडपडून बसला. गालावर पिशवीच्या शिलाईचे वळ उमटलेले. "काय?"

"मुंगी कुठंय?"

"तुझ्याबरोबर."

"माझ्याबरोबर? पिशवी तुझ्याकडे आहे!"

त्याने पिशवीकडे बघितलं, जणू कुणी परक्याने ती तिथे आणून ठेवली होती. "पिशवी... अगं, उतरायला अडचण होत होती म्हणून दिलीस ना? ओझं म्हणून?"

"ओझं म्हणून कधी दिलीय मी ती?"

"ती तुझ्या मागे आली. मी बघितलं ना! तुझ्या मागे मागे चालली होती, म्हणून तर मी डोळे मिटले."

तिने पाण्याच्या कडेकडे बघितलं. लाटेच्या वर, कोरड्या वाळूत तिची सुरुवातीची पावलं अजून होती. ती धावली, वाकली. प्रत्येक पावलाच्या आत एक छोटं पाऊल. पोर आईच्या पावलांत पावलं टाकत चालली होती, आवाज न करता. वळून बघितलं असतं तर हाताच्या अंतरावर होती. थोडं पुढे छोटी पावलं मोठ्या पावलांतून बाहेर पडली होती आणि वळली होती उलट्या बाजूला. डावीकडे. टोकाच्या दिशेने. चार-पाच उमटली होती, पुढचं सगळं लाटेने पुसलेलं.

"मुंगी!" नवरा ओरडला. पहिली हाक घोगरी, निम्म्यात फाटलेली. त्या माणसाने इतक्या वर्षांत घसा म्हणून वापरलाच नव्हता. "मुंगीऽऽ!"

दोघं टोकाच्या दिशेने धावत सुटले. ती हाका मारत होती, तो हाका मारत होता, कातळ त्या हाका परत फेकत होते आणि प्रत्येक हाकेनंतर समुद्र तेवढा उत्तर देत होता. तो डबक्यांत वाकून बघायचा. ती डबक्यांत बघायची नाही. डबक्यांवरून नजर उचलून पलीकडे टाकायची, कारण त्यात काही दिसलं असतं तर ते तिला बघायचं नव्हतं.

हाका ऐकून शिंपलेवाली खडकांवरून उड्या टाकत आली. टोपली तिने कुठेतरी टाकून दिली होती, आकडी हातातच.

"पोर?"

"पाच वर्षांची. पिवळा फ्रॉक."

"अहो, मघाच म्हटलं होतं ना मी, त्या अंगाला..." पुढचं तिने गिळलं. "हाक मारली तर ओ देते ना?"

"देते की," नवरा म्हणाला.

तिचे पाय थांबले. "नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"ओ नाही देत ती. कधी दिलीय? हाक मारली की जवळ येऊन उभी राहते." तिने नवऱ्याकडे बघितलं. "आपणच शिकवलंय. कुणी झोपलेलं असतं ना. ओ द्यायची नाही, जवळ यायचं."

"आणि जवळ येता येत नसेल तर?" शिंपलेवालीने विचारलं.

नवऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. तो पुन्हा हाक मारायला तोंड उघडत होता, तिने त्याच्या दंडाला धरून त्याला हलवलं. "गप्प बस! हाका मारून काही होणार नाही. ती ओरडणार नाही. बघ. नुसतं बघ. मी खालून बघते, तू वरून."

आता शोधणंही घरातल्यासारखं, बिनआवाजी. ती एकेक खडक नजरेने चाचपत निघाली: हा नुसता काळा, त्यावर शेवाळ, त्याच्या कपारीत फेस, हा काळा, हा काळा. ऊन पाण्यावरून डोळ्यांत घुसत होतं. कातळाच्या टोकाशी पोचली तेव्हा पुढे वाट नव्हतीच. मघा जिथून पायाचे तळवेही न भिजवता पलीकडे जाता आलं असतं, तिथे आता हिरवं पाणी आत-बाहेर करत होतं, एखाद्या जनावराने श्वास घ्यावा तसं. त्याच्या पलीकडे चौरंगासारखा बसका खडक. त्याच्या पाठीवर शिंपल्यांचा ढीग रचलेला. कुणीतरी थराथराने, आकाराने लावलेला.

आणि ढिगाच्या मागे एक हात. सरळ वर केलेला.

शाळेत उत्तर येणारं मूल करतं तसा. घरात मुंगीला काही हवं असलं, की ती उंबऱ्याशी येऊन असाच हात वर करून उभी राहायची, कुणाचं लक्ष जाईपर्यंत. किती वेळ तिने तो तसा धरला होता कोण जाणे. दुसऱ्या हाताने कोपराला खालून आधार दिला होता. लाट खडकाच्या कडेवर चढली, बसलेल्या पोरीच्या मांडीपर्यंत आली. हात खाली आला नाही.

"तिथे!" ती म्हणाली आणि पाण्यात उतरलीच.

शिंपलेवालीने मागून तिचा पदर मुठीत पकडला. "थांब गं बाई, आंधळ्यासारखी नको जाऊस! लाट आत येताना खडक धरायचा, परत फिरली की चार पावलं. पुन्हा आली की पुन्हा धरायचा. तुम्ही पुढे व्हा, दादा. मी हिला धरते."

तो पुढे झाला. पाणी कमरेला आलं, मग छातीला. लाट आली आणि त्याला उचलून खडकावर घासत घेऊन गेली. परत फिरली तेव्हा तो तिथेच होता, बोटं कपारीत रुतलेली, आणि तोंडातून पाणी काढत चार पावलं टाकत होता. ती थांबणार थोडीच? शिंपलेवालीने आकडीचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि मुंगीची आई त्याच्या मागोमाग गळ्यापर्यंत पाण्यात शिरली. तिला पोहता येत नव्हतं. ते तिला पलीकडे पोचल्यावर आठवलं.

नवऱ्याने हात वर केले. मुंगी खडकाच्या कडेला आली, आधी एक शिंपली उचलून मुठीत घेतली, मग त्याच्या गळ्यात हात टाकले. रडली नाही. पुढची लाट आली तेव्हा तिघांवरून एकदम गेली. पाण्याखाली तिच्या हाताला फ्रॉक लागला, तो तिने मुठीत धरला, आणि मग तो सोडायचं तिला जमेचना. त्यालाही सोडायचं जमेना. दोघांनी एकाच वेळी धरलेली पोर मधोमध, आणि कुणालाच धड पाऊल टाकता येत नव्हतं.

"एकाने सोडा!" शिंपलेवाली कडेवरून ओरडली. "अहो, एकाने सोडा, नाहीतर तिघं जाल!"

कुणी सोडलं नाही. खेकड्यासारखे आडवे आडवे, धडपडत, एकमेकांच्या पायांत अडखळत ते आले. शिंपलेवालीने आकडी ओढली, मग तिचा दंड ओढला, मग त्याची कॉलर, आणि ओढता ओढता सगळ्यांना शिव्या देत राहिली, पोर सोडून.

सगळे वाळूत येऊन पडले. नवऱ्याच्या गुडघ्याची साल निघाली होती. तो मुंगीचे तळपाय दोन्ही हातांत घेऊन चोळत होता, गार पडलेल्या बाटलीला ऊब द्यावी तसे. तिने पोरीचं डोकं, मान, कोपरं, पोटऱ्या चाचपल्या. सगळं जागच्या जागी होतं. आणि सगळं जागच्या जागी आहे, हे हातांना कळलं तशी तिच्या अंगात आतापर्यंत दाबलेली सगळी भीती उलटी फिरली आणि राग होऊन वर आली. तिने मुंगीला खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"ऐकू येत नव्हतं तुला? घसे फुटले आमचे हाका मारून!"

"येत होतं," मुंगी कुजबुजली. "मी हात वर केला होता."

"हात! ओरडायचं होतं! पाणी आलं तेव्हाच ओरडायचं होतं, किंचाळायचं होतं!"

मुंगीने बाबाकडे बघितलं, मग आईकडे. आईला एवढं मोठ्याने बोलताना ती पहिल्यांदाच ऐकत होती. "तेव्हा बाबा झोपले होते," ती म्हणाली. "मला दिसत होते तिथून."

"म्हणून काय झालं?"

"उठवायचं नाही ना. रक्त आलं तरच उठवायचं, तू सांगितलंस." तिने फ्रॉक वर करून आपले दोन्ही गुडघे नीट बघितले आणि आईलाही दाखवले. "रक्त नव्हतं आलं."

नवऱ्याने तिचे पाय सोडले आणि तोंड फिरवलं. त्याची पाठ हलत होती.

"मग मला," ती म्हणाली. "मला हाक मारायचीस, माझ्या बाळा. मी जागी होते ना? मी तर जागी होते."

मुंगी विचारात पडली. ओले केस कपाळाला चिकटलेले, ओठ निळसर, मुठीत ती एक शिंपली. लांब कोरड्या वाळूत पिशवी पडली होती, तिकडे तिने एकदा बघितलं. आई एवढी सोपी गोष्ट कशी विसरली, हे तिला समजत नव्हतं.

"पण तुझ्याकडे पिशवी नव्हती," ती म्हणाली. "पिशवी बाबांकडे होती. आणि बाबा झोपले होते."

शिंपलेवाली आकडी वाळूत टेकवून उभी होती. तिला यातलं अक्षरही कळलं नसावं, पण तीही आता आईच्याच तोंडाकडे बघत होती.

मुंगीने आईचा ओला हात आपल्या हातात घेतला आणि पुन्हा तसंच हळू, कुणाची झोपमोड होणार नाही अशा आवाजात विचारलं,

"मग मी हाक कुणाला मारायची होती, आई?"